आजिराच्या टेकाडावर नावं आहेत, आपल्या गावातल्या दगडावर नुसता आकडा

सिसिली बेटाच्या मधोमध एन्ना प्रांतात आजिरा म्हणून एक डोंगरावरचं गाव आहे. तिथून रेगालबुतोकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एका टेकाडावर छोटीशी वॉर सिमेट्री आहे, आणि तिथे फक्त कॅनडाचे सैनिक पुरलेत. एकूण 490. त्यातल्या सहा जणांची ओळख शेवटपर्यंत पटली नाही, बाकी सगळ्यांच्या दगडावर नाव, नंबर, रँक, रेजिमेंट, मेल्याची तारीख आणि वर मेपलचं पान. खाली पोत्सिल्लोचा तलाव दिसतो, लांबवर एटना ज्वालामुखी दिसतो. हा तलाव युद्धानंतर धरण बांधल्यावर झाला, म्हणजे आत्ता फोटोत दिसणारं निळं पाणी त्या पोरांनी कधी बघितलंच नव्हतं, त्यांच्या वाट्याला जुलैचं रणरणतं ऊन, धूळ आणि मलेरियाचे डास आले होते.

या 490 दगडांबद्दल मी एवढं का लिहितोय? कारण युद्धात मेलेल्या माणसाचं काय करायचं, त्याला कुठे ठेवायचं, त्याचं नाव कुणी सांभाळायचं, हा प्रश्न फक्त कॅनडाचा किंवा इटलीचा नाहीये. तो आपलाही आहे, आणि आपण तो कधी नीट हातात घेतलाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण आधी आजिरा.

10 जुलै 1943 ला दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या, त्यात कॅनडाची पहिली इन्फन्ट्री डिव्हिजन पाकिनोच्या किनाऱ्यावर उतरली, कमांडर होते मेजर जनरल गाय सिमंड्स. यायच्या आधीच त्यांच्या काफिल्यातली तीन जहाजं जर्मन पाणबुड्यांनी बुडवली होती, 58 कॅनेडियन बुडाले आणि सोबत शेकडो गाड्या समुद्रात गेल्या, त्यामुळे पुढे डोंगराळ भागात बरंचसं अंतर या लोकांनी अक्षरशः पायी कापलं. लेओनफोर्ते, आस्सोरो, निस्सोरिया, आजिरा, रेगालबुतो, ही सगळी गावं उंचावर, प्रत्येक गाव म्हणजे एक किल्लाच, आणि वर बसलेली जर्मनांची 15 वी पँझर ग्रेनेडिअर डिव्हिजन. आस्सोरोला हेस्टिंग्ज अँड प्रिन्स एडवर्ड रेजिमेंटचे लोक रात्रीच्या अंधारात मागच्या कड्यावरून चढले आणि पहाटे वरच्या जुन्या किल्ल्यात जाऊन बसले. सिंहगडाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पण निस्सोरियाच्या पुढे काही जमेना, एका मागोमाग एक बटालियन पुढे पाठवली आणि ती मार खाऊन मागे आली, रॉयल कॅनेडियन रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल राल्फ क्रो तिथेच पडले. शेवटी 28 जुलैला आजिरा हातात आलं, आणि त्या एका गावासाठी मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून चारशेहून जास्त कॅनेडियन खर्ची पडले.

याच दिवसांत, 25 जुलैला, तिकडे रोममध्ये मुसोलिनीला पदावरून काढलं. म्हणजे ज्या राजवटीविरुद्ध ही पोरं आली होती तिचा म्होरक्या गेला आणि इकडे निस्सोरियाच्या रस्त्यावर माणसं मरतच होती, कारण समोर जर्मन होते आणि त्यांना रोममध्ये कोण आलं कोण गेलं याने काही फरक पडत नव्हता. मला हे वाचून दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं.

सिसिलीत एकंदर 562 कॅनेडियन मेले. पडतील तिथे, रस्त्याच्या कडेला, ऑलिव्हच्या बागेत त्यांना तात्पुरतं पुरलेलं होतं. सप्टेंबर 1943 मध्ये डिव्हिजनने स्वतःच ठरवलं की आपली सगळी माणसं एका जागी आणायची आणि त्यासाठी आजिराजवळची ही जागा निवडली. लक्षात घ्या, त्याच सप्टेंबरच्या 3 तारखेला डिव्हिजन सिसिली आणि इटलीमधली सामुद्रधुनी ओलांडून इटलीच्या मुख्य भूमीवर पोचली होती, पुढची लढाई सुरू झाली होती, आणि तरी मागे राहिलेल्यांना गोळा करायचं काम कुणीतरी सोडलं नाही. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता वादाचा मुद्दा. त्यांना घरी का नाही नेलं? अमेरिकनांनी आपल्या लोकांच्या घरच्यांना चॉइस दिला होता, मृतदेह मायदेशी आणायचा की तिकडेच ठेवायचा, आणि बहुसंख्य घरांनी आणा म्हणून सांगितलं. जे उरले त्यांना मोठ्या सिमेट्र्यांत एकत्र केलं, सिसिलीत मेलेल्यांना नेत्तुनोला, रोमच्या दक्षिणेला नेलं. ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूला मात्र पहिल्या महायुद्धापासून सक्त नियम होता की कुणालाच परत आणायचं नाही. हा नियम कठोर आहे. मॉन्ट्रियल, एडमंटन नाहीतर ओंटारियोतल्या एखाद्या खेड्यातल्या आईने मुलाची कबर आयुष्यभर बघितली नाही असं हजारो घरांत झालं, त्या काळात सिसिलीला जायला पैसा कुणाकडे होता? आईबापांचा हा राग खोटा नव्हता, 1919 मध्ये तीन मुलगे युद्धात गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी आठ हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज दिला होता की निदान कबरीवर दगडाऐवजी क्रॉस तरी लावू द्या, आणि तोही मान्य झाला नाही.

तरी मला तो नियम बरोबर वाटतो आणि का ते सांगतो. 1915 मध्ये माजी ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू फ्रान्समध्ये मारला गेला तेव्हा राजाच्या परवानगीने त्याचा मृतदेह खास घरी आणला गेला. बाकीच्यांच्या पोरांचं काय? ज्याची ओळख आहे, ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा मुलगा घरी येणार आणि गिरणीकामगाराचा मुलगा चिखलात राहणार, असा तो रस्ता होता, आणि ब्रिटिश सैन्यात कबरींच्या नोंदीचं काम बघणाऱ्या फेबियन वेअर यांनी तो वेळीच अडवला. 1917 मध्ये त्यांच्या पुढाकाराने इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश म्युझियमचे डायरेक्टर फ्रेडरिक केन्यन यांच्या रिपोर्टने तत्त्व पक्कं केलं, की जनरल असो वा शिपाई, दगड एकाच मापाचा, एकाच आकाराचा. आजिरात जाऊन बघितलं तर लेफ्टनंट कर्नलचा दगड आणि विशीतल्या साध्या प्रायव्हेटचा, म्हणजे शिपायाचा, दगड लांबून वेगळा ओळखूच येत नाही, क्वेबेकचा फ्रेंच बोलणारा आणि प्रेअरीचा इंग्रजी बोलणारा एकाच रांगेत. जिवंतपणी सैन्यात ही समता कधीच नसते, मेल्यावर तरी ती कुणीतरी हट्टाने लागू केली आणि त्यासाठी श्रीमंतांचा, सरदारांचा राग अंगावर घेतला.

दुसरं कारण आजिराच्या लोकांचं. त्यांना नेलं असतं तर त्या गावाचा आणि त्या पोरांचा संबंध तिथेच संपला असता. 2013 मध्ये, सत्तर वर्षं झाली म्हणून, कॅनडातून काही लोक आले आणि पाकिनोपासून त्याच जुन्या रस्त्याने चालत आजिरापर्यंत गेले, वाटेत मेलेल्यांच्या नावांच्या पाट्या रोवत. आणि सिमेट्रीत पोचल्यावर हजेरी घेतली. एकेक नाव पुकारलं, आणि प्रत्येक नावाला तिथे उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी, कॅनेडियन किंवा इटालियन, हजर म्हणून ओ दिली. हे इटालियन कोण? ज्यांच्या आज्याच्या काळात हा देश कॅनडाचा शत्रू होता, ज्यांच्या गावांवर दोस्तांच्या विमानांनी बॉम्ब टाकले होते आणि ज्यांच्या घरातली साधी माणसंही त्यात मेली होती, ते. युद्ध कुणाचं बरोबर होतं हा हिशोब त्यांनी आधी मागितला नाही. मेलेल्या परक्या पोराचं नाव ऐकलं आणि त्याच्या वतीने उत्तर दिलं.

(कॅनडाने स्वतः हा नियम पुढे बदलला, साधारण 1970 पासून त्यांचे परदेशात मेलेले सैनिक घरीच आणतात, अफगाणिस्तानातून येणाऱ्या शवपेट्या ज्या रस्त्याने जायच्या त्या हायवेवरच्या पुलांवर लोक झेंडे घेऊन उभे राहायचे. आता विमानं आहेत, संख्या कमी आहे, सगळ्यांना सारखंच आणता येतं, त्यामुळे हेही बरोबरच. विरोध दिसतो पण नाहीये, मुद्दा दोन्हीकडे एकच, सगळ्यांना सारखं.)

मग आपला संबंध काय? फार जवळचा आहे. सिसिलीत उतरलेली कॅनडाची टँक ब्रिगेड पुढे इटलीत भारतीय सैन्याच्या आठव्या डिव्हिजनबरोबर लढली, मे 1944 मध्ये कॅसिनो गावाजवळ गारी नदी ओलांडताना पुढे पायदळ आपलं आणि मागून येणारे टँक कॅनडाचे, तिथे एक अख्खा पूल टँकवर लादून नदीत नेऊन टाकायची आयडिया एका कॅनेडियन कॅप्टनची आणि बरोबर काम करणारे सॅपर्स, म्हणजे सैन्यातले इंजिनिअर, भारतीय. त्याआधी डिसेंबर 1943 मध्ये ओर्तोनाच्या लढाईत कॅनेडियनांच्या डाव्या बगलेला हीच आठवी डिव्हिजन होती. या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. म्हणजे साताऱ्याची, कोकणची, नगरची पोरं. त्याच बटालियनच्या नामदेव जाधवांना एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, ते जगले आणि घरी आले. तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, रायगडचे, 10 जुलै 1944 ला टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले, मोर्चा घेतला आणि तिथेच स्नायपरच्या गोळीने गेले. त्यांना कबर नाही, कॅसिनोच्या मेमोरियलवर नाव आहे. इटलीत एकंदर साडेपाच हजारांहून जास्त भारतीय सैनिक मेले. ज्यांना अग्नी दिला त्यांच्यासाठी सांग्रो नदीजवळ, फोर्लीला अशी वेगळी स्मारकं आहेत, नावं कोरलेली आहेत.

म्हणजे दुसऱ्या महायुद्धापुरतं इटलीत तरी आपल्या माणसांची नावं दगडावर आली. पण पहिल्या महायुद्धात, विशेषतः मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक आणि पूर्व आफ्रिकेत, याच कमिशनने समतेचं तत्त्व खुंटीला टांगून ठेवलं. बसरा मेमोरियलवर ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं, आणि साध्या भारतीय शिपायांचा रेजिमेंटच्या नावाखाली फक्त आकडा, इतके गेले म्हणून. तिथे लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या, कुट अल अमाराचा वेढा आणि एप्रिल 1916 ची शरणागती, उपासमार, कैद हे सगळं त्यांनी भोगलं. 2021 मध्ये याच कमिशनच्या, म्हणजे आताच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, स्वतःच्याच समितीने कबूल केलं की 45 हजार ते 54 हजार मृतांचं, त्यात प्रामुख्याने भारतीय आणि आफ्रिकन, स्मरण असमान पद्धतीने झालं, आणि आणखी किमान 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, असे आहेत ज्यांचं नावच कुठे नाही किंवा स्मरणच नाही. ब्रिटिश सरकारने संसदेत माफी मागितली. माफी ठीक आहे, पण माफीने एकही नाव दगडावर चढत नाही, ते काम अजून करायचं आहे आणि भारताने त्यासाठी जोर लावला पाहिजे. भारत या कमिशनचा सभासद देश आहे, खर्चात आपला वाटा साधारण एक टक्क्याच्या आसपास, कॅनडाचा दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे थोडा का होईना आपण पैसा देतो आणि प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे.

पण लंडनकडे बोट दाखवून मोकळं व्हायचं नाही. साताऱ्यातलं अपशिंगे गाव सगळ्यांना माहितीये, मिलिटरी अपशिंगे म्हणतात, पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जण गेले. तिथे आणि साताऱ्या-कोकणातल्या अजून कितीतरी गावांत इंग्रजांनी लावलेली दगडी पाटी आहे, या गावातून इतके महायुद्धाला गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत. ठीक आहे, साहेबाने लिहिली नाहीत. पण साहेब जाऊन पंचाहत्तर वर्षांच्या वर झाली, त्या पाटीच्या शेजारी 46 नावांची दुसरी पाटी लावायला कुणी अडवलंय आपल्याला?

इथे हमखास एक आक्षेप येतो आणि तो मी हलका समजत नाही. ते साम्राज्याचं युद्ध होतं, आपलं नव्हतं, इंग्रजांसाठी लढलेल्यांचं कौतुक कशाला. फरक खरा आहे. कॅनडाने 10 सप्टेंबर 1939 ला स्वतःच्या पार्लमेंटमध्ये चर्चा करून युद्ध जाहीर केलं, भारताच्या वतीने व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी 3 सप्टेंबरला कुणालाही न विचारता ते जाहीर करून टाकलं आणि त्याच्या निषेधात काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. आजिरात पुरलेले कॅनेडियन स्वखुशीने भरती झालेले होते. आपलेही कागदोपत्री स्वखुशीनेच गेले, पण दोन एकर कोरडवाहू जमीन, घरात खाणारी सात तोंडं आणि पलटणीतला पगार, यातल्या खुशीचं माप वेगळं असतं. म्हणूनच मी म्हणतो की त्यांचं नाव घेणं म्हणजे साम्राज्याचा जयजयकार नाही. उलट नाव न घेतल्याने साम्राज्याचंच काम पुरं होतं, त्याने माणसाला आकडा केला आणि आपण तो आकडाच ठेवला. आजिराच्या लोकांना जर एकेकाळच्या शत्रूच्या सैनिकाला ओ देता येते तर आपल्याच पणजोबाच्या भावाला द्यायला आपल्याला कसली तात्त्विक अडचण आहे?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा, की माहिती कुठून आणायची. दुसऱ्या महायुद्धातल्यांची माहिती आहे. कमिशनचा डेटाबेस इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुला आहे, कितीतरी भारतीय सैनिकांच्या नोंदीत बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव आणि जिल्हा सुद्धा दिलेला आहे. स्पेलिंग भयंकर आहे, गोऱ्या क्लार्कने ऐकू आलं तसं लिहिलंय, पण आपल्या भागातला माणूस ते वाचून पाच मिनिटांत गाव ओळखू शकतो, लंडनमधला नाही ओळखू शकत. कॅनडा सरकारने हे काम आपल्या लोकांसाठी कधीच केलंय, त्यांच्या ऑनलाइन मेमोरियलवर प्रत्येक मृत सैनिकाचं स्वतंत्र पान आहे आणि घरचे लोक त्यावर जुने फोटो, पत्रं, पेपरातली कात्रणं टाकत असतात. आजिरातला एखादा नंबर घेऊन शोधलं तर अचानक समोर गणवेशातला एक पोरगेला चेहरा येतो. आपल्याकडे तसबीर ट्रंकेत, मेडल मोडीत आणि पेन्शनचा कागद वाळवीने खाल्लेला, अशी अवस्था अनेक घरांत आहे आणि अजून दहा-वीस वर्षांनी तेही उरणार नाही. पहिल्या महायुद्धातल्यांचं काम अवघड आहे, तिथे पलटणीचे रेकॉर्ड, गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी, देवघरातले टाक, जे मिळेल त्यावरून जावं लागेल. पण सोपं आहे तेवढंही आपण केलेलं नाही.

इटलीतलंच ताजं उदाहरण बघा. जुलै 2023 मध्ये पेरुजाजवळच्या मोन्तोने गावात यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं, तिथल्या नगरपालिकेने, इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि आपल्या दूतावासाने मिळून. मोन्तोनेने केलं. आपल्याकडे माणगावात त्यांचा पुतळा आहे हे खरं आणि ते चांगलंच, पण घाडग्यांना व्हिक्टोरिया क्रॉस होता म्हणून पुतळा झाला, त्यांच्याबरोबर त्या टेकडीवर चढलेल्या आणि ज्यांना काहीच मिळालं नाही त्या बाकीच्यांची नावं तुम्हाला, मला, कुणाला तरी सांगता येतील का? आजिराची सिमेट्री हिरोंची नाहीये. तिथे बहुतेक जण साधे आहेत, काहीजण पहिल्याच चकमकीत गेले असतील, काहींनी कदाचित एक गोळीसुद्धा झाडली नसेल, आणि त्यांचा दगड तेवढ्याच उंचीचा आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, ग्रामपंचायती आहेत, इतिहासाचे विभाग असलेली कॉलेजं आहेत, एनसीसीची पोरं आहेत. सातारा, रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, नगर या जिल्ह्यांपासून सुरुवात करून गाववार यादी करा, मराठीत, देवनागरीत, नीट स्पेलिंग सुधारून. ती यादी कमिशनला पाठवा आणि चुका दुरुस्त करायला लावा. जिथे इंग्रजांची आकड्याची पाटी आहे तिथे नावांची पाटी लावा, सगळ्यांच्या नावाची अक्षरं एकाच मापाची, सुभेदार वर आणि शिपाई खाली असं नको. त्यासाठी स्मारकाचं मोठं कंत्राट, कमान, मंत्र्याच्या नावाची कोनशिला यातलं काहीच लागत नाही. आणि वर्षातून एकदा ती नावं मोठ्याने वाचा. दिवस हवा असेल तर 10 जुलै घ्या, 1943 ला त्या तारखेला कॅनेडियन सिसिलीत उतरले आणि बरोबर एक वर्षाने त्याच तारखेला घाडगे गेले. पावसाळा असतो, पेरण्या झालेल्या असतात, शाळा सुरू झालेल्या असतात, गावात माणसं असतात. शाळेच्या वऱ्हांड्यात अर्ध्या तासात होण्यासारखं काम आहे, यादी तेवढी आधी तयार पाहिजे.